खाकी कागदावरचं बटण

दत्तोबाचं पत्र येऊन चौदा महिने झाले होते आणि नामदेवरावांनी त्याला उत्तर घातलं नव्हतं.

पत्र काही मोठं नव्हतं. निळं आंतरदेशीय, शाळकरी पोरासारखं गोल अक्षर, नमस्काराच्या खाली पाच ओळी. यंदा कधी यावे ते कळवणे. मशीनचे हेड तेल घालून गोणपाटात बांधून ठेवले आहे. मागच्या खोलीचा पत्रा अजून गळतो का, शोभा विचारते. वहिनींचे गुडघे कसे आहेत. आपले उत्तर आले की निघतो.

वीस वर्षं हे असंच चाललं होतं. शाळांच्या गणवेशाचा हंगाम एप्रिलात लागायचा. मार्च सरत आला की भालकीहून धाकट्या भावाचं पत्र यायचं, हैदराबादेतल्या मलकपेठहून थोरल्याचं कार्ड जायचं, 'ये'. मग एका सकाळी दत्तोबा मशीनचं हेड खांद्यावर घेऊन नामपल्ली स्टेशनवर उतरायचा, मागून शोभा बोचकं घेऊन. तीन महिने दोघे भाऊ समोरासमोर बसून टीप घालायचे आणि आतल्या खोलीत दोघी जावा काज-बटणं करायच्या. विचारल्याशिवाय दत्तोबा आला नसता, आणि बोलावल्याशिवाय नामदेवरावांनी त्याला येऊ दिलं नसतं. थोरल्याने बोलवायचं, धाकट्याने यायचं. वडील होते तेव्हापासूनची ही रीत.

गेल्या वर्षी पत्र आलं त्याच आठवड्यात नामदेवराव शाळेत गेले होते. माप घ्यायचा दिवस ठरवायचा होता. गळ्यात टेप, खिशात वही. बाकावर ते दोन तास बसले. शेवटी शिपाई म्हणाला, "मास्टर, तुमको नहीं बोले क्या? अब कंपनी से आते कपडे. पाकिट में. छोटा, बडा, बीच का." मुख्याध्यापक मीटिंगमधून बाहेर आले नाहीत. नामदेवरावांनी गळ्यातला टेप काढला, गुंडाळला, खिशात घातला आणि घरापर्यंत चालत आले. ज्या शाळेतल्या पोरांच्या बापांच्या चड्ड्याही त्यांनीच बेतल्या होत्या, ती शाळा.

हे दत्तोबाला कसं लिहायचं? आज लिहू, उद्या लिहू करता एप्रिल गेला. मे गेला. जूनमध्ये लिहायचं तर काय लिहायचं, असं झालं. एकदा त्यांनी भालकीच्या एसटीडीवाल्याच्या दुकानात फोन लावला. तिकडून दत्तोबाचा धापा टाकणारा आवाज आला, "दादा? बोल दादा." नामदेवरावांनी फोन खाली ठेवला. त्यानंतर पत्र आलं नाही. यंदाचा मार्च कोरडाच गेला.

एप्रिल लागला तेव्हा बाहेरच्या खोलीतल्या चार मशीनपैकी दोन भिंतीकडे सरकल्या होत्या आणि त्यांच्या जागी दोन कंप्युटर आले होते. आबिड्समधल्या एका ऑफिसाने काढून टाकलेले, पिवळे पडलेले. आणले होते मुलीने, वृषालीने. ती बीकॉम झाली होती, अमीरपेठेत सहा महिन्यांचा कोर्स केला होता. दारावर तिने पाटी लावली: पंधरा दिवसांत इंटरनेट. ज्येष्ठांसाठी खास.

"ज्येष्ठ कशाला? पोरं नाही येणार?" शांताबाईंनी विचारलं.

"पोरं आपली आपण शिकतात, आई. मलकपेठमधे प्रत्येक घरातला एक तरी पोरगा बाहेर गेलाय. मागे राहिलेल्यांना शिकवणारं कोणी नाही."

पहिल्या दिवशी तिघे आले. कोर्टातून पेशकार म्हणून निवृत्त झालेले मुकुंदराव, मराठी शाळेत पस्तीस वर्षं शिकवलेल्या कुसुमताई, आणि एक मोठे साहेब, जे खुर्ची पुसूनच बसले. नामदेवराव कोपऱ्यातल्या मशीनवर कोणाच्या तरी पँटची कंबर सैल करत होते. कान तिकडे होते.

"काका, राइट नक्को, लेफ्ट. डबल क्लिक. फास्ट करा ना हो. अजून एकदा."

मुकुंदरावांनी माउस मुठीत आवळून धरला होता. पडद्यावरचा बाण एकदा वर उडायचा, एकदा खालच्या कोपऱ्यात जाऊन दडायचा. "पोरी," ते म्हणाले, "चाळीस वर्षं जजसाहेबांचे मिजाज सांभाळले. हा मुठीतला प्राणी ऐकत नाही मला."

"ऐकेल काका. घट्ट नका धरू."

"सोडला तर पळतो."

कुसुमताईंनी माउस धरायच्या आधी पदराला हात पुसला आणि तो मोडेल म्हणून बोट टेकवलंच नाही. मोठे साहेब घड्याळ बघत होते. फोनची लाइन दोनदा तुटली, तिसऱ्यांदा किंचाळून लागली, आणि दहाच्या ठोक्याला करंट गेला. उन्हाळ्यात मलकपेठचा करंट दहाला जायचा तो बाराला यायचा. पंखा थांबला. पडदे काळे झाले.

"आता?" मोठे साहेब म्हणाले.

वृषालीचं तोंड उतरलं. लोक उठू लागले. नामदेवरावांनी पँट बाजूला ठेवली. ते फारसं बोलणारे गृहस्थ नव्हते. गिऱ्हाइकाचं मापसुद्धा मनातल्या मनात मोजून लिहायचे. पण उठून जाणारी माणसं त्यांनी गेल्या वर्षी पुष्कळ बघितली होती.

"ताई, बसा," ते कुसुमताईंना म्हणाले. "नवं पोरगं मशीनवर बसवलं की पहिले आठ दिवस आम्ही दोरा ओवत नाही. सुई रिकामी, खाली पेपर. कागदाला नुसती भोकं पडतात. हात आणि पाय एकमेकांना ओळखायला लागले की मग दोरा."

"बरं मग?"

"मग करंट कशाला पाहिजे?"

बेतायच्या टेबलावर त्यांनी खाकी कागद पसरला, ज्यावर ते शर्टाचे नमुने काढत. त्यावर खडूने पडद्याएवढा चौकोन काढला. वर पत्त्याची पट्टी, शेजारी मागे जायचा बाण, खाली रिकामी जागा. कुसुमताईंच्या हातात त्यांनी कपडे धुवायच्या साबणाची अर्धी वडी दिली.

"ही फिरवा. इथून इथं. टेबलावरून हात उचलायचा नाही. कापडावरून हात फिरवतो ना, सुरकुती काढताना, तसा. आता बोट टेकवा. दाबू नका, टेकवा."

कुसुमताईंनी बोट टेकवलं. साबण मोडला नाही. त्या हसल्या. मुकुंदराव उभे राहून बघत होते. "मास्टर, माझ्यासाठी पण एक वडी कापा. हा प्राणी निदान स्वच्छ तरी आहे."

मोठे साहेब मात्र गेले. जाताना म्हणाले, "शिंप्याकडे साबण घासायला नाही आलो मी."

नामदेवरावांचे कान तापले. पण हातातला खडू त्यांनी खाली ठेवला नाही.

त्या दिवसापासून घरची घडी बदलली. एक दिवसाआड पहाटे पाचला नळ यायचा. नामदेवराव आणि शांताबाई मिळून पिंपं भरायची, गुडघ्यामुळे शांताबाई नळाशी बसून आणि ते घागरी वाहून. मग अंगावरचे ओले कपडे तसेच ठेवून ते कंप्युटरसमोर बसायचे. सकाळी लाइनही लवकर लागायची. वृषाली शेजारी उभी राहून शिकवायची आणि पहाटे शिकलेलं ते दहा वाजता कागदावर काढून दाखवायचे. विद्यार्थ्यांच्या पुढे ते फक्त चार तासांनी असत. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याची धास्ती रोज असायची. पण बोलायला लागले की ती कुठे जायची कळत नसे.

"चुकलं तर?" कुसुमताई प्रत्येक वेळी विचारत.

"हा मागचा बाण. म्हणजे उसवायचं. चार पावलं चुकीची टाकली, चार वेळा उसवा. कापड फाटत नाही."

शोधायचं कसं, याला तीन दिवस गेले. मुकुंदरावांनी पट्टीत 'वकील' असं इंग्रजीत लिहिलं आणि लाखभर पानं आली. ते घाबरून मागे सरले.

"मुकुंदराव, माझ्याकडे येऊन नुसतं 'पँट' म्हणाल तर मी काय शिवू? कंबर सांगा, उंची सांगा, पायाची मोहरी सांगा. तसं याला सांगायचं. वकील, तर कुठला? कोणत्या गावचा? किती माप द्याल तितकं अंगाला बसेल."

मुकुंदरावांनी विचार करून 'हैदराबाद ऊन आज' असं इंग्रजीत लिहिलं. पान उघडायला तीन मिनिटं लागली. बेचाळीस.

"घ्या," ते म्हणाले, "माझ्याच पाठीवरचं ऊन मला अमेरिकेहून कळवतात. आणि बरोबर कळवतात."

पहिल्या आठवड्यात पाचजण झाले. दुसऱ्यात नऊ. टेबलाभोवती सगळे साबणाच्या वड्या घेऊन उभे राहत आणि बाराला करंट आला की दोघे दोघे कंप्युटरवर जाऊन दोरा ओवत. साबणाचा वास खोलीत कायमचा बसला. शांताबाई एकदा आत येऊन म्हणाल्या, "अहो, कपडे धुवायला एक तरी वडी ठेवा."

ईमेलचं पान त्यांनी मोठ्या कागदावर काढलं. पत्ता कुठं, विषय कुठं, मजकूर कुठं. सगळ्यांत वर, मधोमध, आधी त्यांनी 'श्री' लिहिलं. हात आपोआप गेला. पत्र म्हटलं की वर श्री, मग बाकीचं. कोणालाच त्यात वावगं दिसलं नाही. सगळ्यांनी आपापल्या वहीत कागदावरचं उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी करंट आल्यावर पाचजणांनी आपापल्या मुलांना पहिली पत्रं लिहिली. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. वर, पहिल्या पट्टीत, श्री आणि त्याला चिकटून मुलाचा पत्ता. पाठवलं. चहा झाला. दहा मिनिटांनी एकेक पत्र परत यायला लागलं. कुसुमताईंचं आलं. मुकुंदरावांचं आलं. पाचच्या पाच आली.

"असा माणूस नाही म्हणतंय," कुसुमताई हळू आवाजात म्हणाल्या. "अमेयनं घर बदललं की काय? मला बोलला नाही."

"माझा पण नाही म्हणतंय," मुकुंदराव म्हणाले. "एका दिवसात पाच पोरं हरवली, मास्टर."

त्यांचं हे बोलणं चेष्टेचं होतं, पण कोणी हसलं नाही. एक बाई पदर खोचून उठल्या. "मी म्हणत होते ना, हे शिवणकाम नव्हे." वृषाली त्या दिवशी आबिड्सला वायर आणायला गेली होती. नामदेवराव पडद्याकडे बघत राहिले. परत आलेल्या पत्रातलं इंग्रजी त्यांना निम्मंच कळत होतं. त्यांनी सगळ्यांना एवढंच सांगितलं की उद्या बघू.

संध्याकाळी वृषालीने बघितलं आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अप्पा, पत्त्याच्या जागी देवाचं नाव कोणी टाकलं? पोस्टमन बिचारा श्री नावाच्या माणसाला शोधत फिरला असेल."

"मी टाकलं," नामदेवराव म्हणाले.

"अय्यो. मग उद्या मी सांगते, सर्व्हर डाउन होता म्हणून. कोणाला काही कळत नाही."

त्या रात्री नामदेवरावांना जेवण गेलं नाही. सकाळी पाणी भरताना एक घागर हातातून निसटली. दहाला ते टेबलाशी उभे राहिले तेव्हा समोर सातच माणसं होती.

"काल पत्रं परत आली," ते म्हणाले. "पोरं कुठं गेली नाहीत. वरची पट्टी पत्त्याची आहे. तिथं मी श्री घालायला लावलं. माप माझं चुकलं. कापड तुमचं होतं, म्हणून माफी मागतो."

मुकुंदराव म्हणाले, "मास्टर, हायकोर्टात चाळीस वर्षं काढली. 'चूक माझी' एवढे दोन शब्द कागदावर यायला तिथं बारा-बारा वर्षं लागायची. तुम्ही रात्रीत आणले."

"मजकुरात घालावं का श्री?" कुसुमताईंनी विचारलं.

"मजकुरात घाला. तिथं खुशाल दोनदा घाला."

त्या दुपारी पाचही पत्रं गेली आणि एकही परत आलं नाही. जे दोघे आले नव्हते ते दुसऱ्या दिवशी आले. आठवडाअखेर चौदा माणसं झाली आणि वृषालीने दुपारी चारचा आणखी एक वर्ग लावला. नामदेवरावांना जाणवलं की सकाळी उठताना जी धास्ती असायची ती यायची राहिली आहे.

मंगळवारी भगवंतराव आले. समाजाची लग्नं जमवत ते भालकी, बिदर, परभणी अशी पायपीट करत. आले की पाटावर बसून आधी तांब्याभर पाणी पीत, मग बातम्या. त्या दिवशी पाणी पिऊन त्यांनी खोलीतले कंप्युटर बघितले, भिंतीला लावलेली मशीन बघितली.

"दत्तोबा मशीन विकतोय," ते म्हणाले. "पुढल्या सोमवारच्या बाजाराला गिऱ्हाईक यायचंय. शोभा रडत होती. तो काही बोलत नाही. म्हणतो, दादानं बोलावलं नाही. काहीतरी चुकलं असणार माझं. आता कुणासाठी तेल घालत बसू?"

शांताबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नामदेवराव कात्रीला धार लावत होते. हात थांबला नाही.

"तुम्ही भालकीला जाताय का परत?" शांताबाईंनी विचारलं.

"मी इथून परभणी. महिना लागेल."

भगवंतराव गेल्यावर शांताबाई पायरीवर बसल्या, गुडघे चोळत. "फोन लावा."

"फोनवर नाही जमत मला."

"मग मी लावते."

"तू नको." त्यांनी कात्री खाली ठेवली. "त्यानं मला लिहून विचारलंय. मी लिहूनच सांगायला पाहिजे."

"चौदा महिने हेच ऐकतेय मी. पोरीनं मेलं डबडं शिकवलं तर त्यावर जगाला पत्रं धाडायला लागलात. घरातलं एक पत्र जाईना." त्या उठल्या, भिंतीला धरून. "त्याला वाटतंय त्याचंच काहीतरी चुकलं. हे तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

हे त्यांना ठाऊक नव्हतं. आपली लाज तेवढी त्यांनी वर्षभर जपली होती. ती तिकडे जाऊन दत्तोबाच्या अंगावर पडली असेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

बुधवारी सकाळी कुसुमताई वेळेच्या आधी आल्या. अमेयचं उत्तर आलं होतं. त्यांनी ते आदल्या दिवशी पडद्यावरून वहीत उतरवून घेतलं होतं आणि आता मुकुंदरावांना वाचून दाखवत होत्या. अमेयनं विचारलं होतं, आई, तू आता रोज जेवतेस का नीट, खरं सांग.

"आता याला उत्तर कसं द्यायचं, नामदेवराव?" त्या म्हणाल्या. "पाठवायचं शिकलो. आलेल्याला उत्तर द्यायचं वेगळं बटण आहे म्हणे. वृषाली परवा म्हणाली. मी तुमच्या कागदावर शोधलं. सापडलं नाही."

खाकी कागद टेबलावर होता. नवं पत्र लिहायचं बटण होतं, पाठवायचं होतं, काढून टाकायचं होतं. उत्तराचं नव्हतं. पहाटे वृषालीने ते दोनदा दाखवलं होतं, आणि दोन्ही वेळा कागदावर काढताना ते राहून गेलं होतं.

"राहिलं," नामदेवराव म्हणाले.

"बाकी एवढंसं फुलसुद्धा काढलंय तुम्ही कोपऱ्यात. हेच कसं राहिलं?" कुसुमताईंनी शाळेतल्या बाईंच्या नजरेनं त्यांच्याकडे बघितलं, पण पुढे विचारलं नाही. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या होत्या त्यांनी. कोणत्या गणिताची जागा पोरगं कोरी सोडतं ते त्या ओळखत.

नामदेवरावांनी वृषालीला हाक मारली. "ते उत्तराचं परत दाखव. सगळ्यांना दाखव. मी पण बघतो."

त्या दिवशी करंट गेला नव्हता. वृषालीने अमेयचं पत्र उघडून बटण दाबलं. पान बदललं. वर लिहायला मोकळी जागा आली आणि खाली अमेयचं पत्र जसंच्या तसं उभं राहिलं, प्रत्येक ओळीच्या आधी बाणाच्या टोकासारखी एक बारीक खूण.

"त्याचंच पत्र परत त्यालाच कशाला?" मुकुंदरावांनी विचारलं.

"म्हणजे कशाचं उत्तर आहे ते दिसतं, काका. खूण केलेली ओळ त्याची, त्याच्या खालची तुमची. एकेका ओळीखाली लिहू शकता. काही सुटत नाही."

"म्हणजे उलटतपासणी," मुकुंदराव म्हणाले. "प्रश्न वर, उत्तर खाली. पळायला जागा नाही."

कुसुमताई बसल्या. 'खरं सांग' या ओळीखाली बोट नेऊन थांबल्या. मग एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं. काय लिहिलं ते कोणी वाचलं नाही, पण डोळे पुसून त्या उठल्या तेव्हा म्हणाल्या, "सोपं आहे. त्यानं विचारलेलं समोर असलं की खोटं लिहिता येत नाही."

नामदेवरावांनी खडू घेतला आणि कागदावर राहिलेलं बटण काढलं. इतरांपेक्षा जरा मोठंच झालं. मग बाराला वर्ग सुटल्यावर त्यांनी तो कागद गुंडाळून कोपऱ्यात ठेवला, टेबल पुसलं आणि कपाटातून दत्तोबाचं आंतरदेशीय काढलं. घडीवर चिरलं होतं. शेजारी नवं, कोरं आंतरदेशीय ठेवलं. शांताबाई दाराशी उभ्या होत्या, त्या आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या ठेवून पुन्हा बाहेर गेल्या.

आशीर्वादाची ओळ झाली. मग त्यांनी दत्तोबाची पहिली ओळ जशीच्या तशी उतरवली. आधी बाणाचं टोक काढलं.

यंदा कधी यावे ते कळवणे. त्याखाली लिहिलं: हे पत्र मिळेल त्या दिवशी नीघ. शोभाला घेऊन.

मशीनचे हेड तेल घालून गोणपाटात बांधून ठेवले आहे. इथं पेन बराच वेळ थांबलं. घाम कागदावर पडू नये म्हणून त्यांनी मनगटाखाली कापडाचा तुकडा घेतला. मग लिहिलं: शाळेचं काम गेल्या वर्षीच गेलं. कंपनीला दिलं. मला बाकावर बसवून शिपायाकडून सांगितलं. ते तुला लिहायची लाज वाटली म्हणून मी गप्प बसलो. फोन मीच केला होता आणि मीच ठेवला. तुझं काही चुकलं नाही. चुकलं ते माझं. मशीन विकायचं असेल तर खुशाल वीक, पण दादानं बोलावलं नाही म्हणून विकू नकोस.

मागच्या खोलीचा पत्रा अजून गळतो का. गळतो. दोघं मिळून डांबर लावू.

वहिनींचे गुडघे कसे आहेत. तसेच. आता दोन घागरीसुद्धा उचलवत नाहीत तिला. शोभा आली तर बरं होईल, असं ती म्हणत नाही, मी म्हणतो.

आपले उत्तर आले की निघतो.

या ओळीखाली त्यांनी आधी 'उशीर झाला' लिहिलं, ते खोडलं. मग लिहिलं: शिवणकाम आता थोडंच आहे. पण दुसरं काम आहे. चौदा म्हातारी माणसं रोज शिकायला येतात आणि मी त्यांना शिकवतो. हसू नकोस. मला आलं तर तुला येईल. पहिले आठ दिवस कागदावर, मग दोरा. उत्तर आलं. नीघ.

घडी घालून त्यांनी कडा डिंकाने चिकटवल्या आणि चप्पल घातली.

"चौकात पेटी आहे की," शांताबाई म्हणाल्या.

"चौकातली पेटी संध्याकाळी उघडतात. आबिड्सच्या मोठ्या पोस्टात टाकलं तर आजच्या गाडीनं जाईल. शुक्रवारपर्यंत मिळालं पाहिजे."

"टोपी घाला. ऊन बघा किती आहे."

बसमध्ये बसायला जागा नव्हती. चादरघाटच्या पुलावर गाडी अडकली आणि नामदेवराव दांडीला धरून, पत्र सदऱ्याच्या आतल्या खिशात दाबून उभे राहिले. आबिड्सच्या पोस्टात बाहेरगावच्या पेटीपाशी एक माणूस चटई अंथरून फॉर्म भरून देत होता.

"काका, फॉर्म भरायचा?" त्यानं हिंदीत विचारलं.

"नको. लिहून आणलंय," नामदेवराव म्हणाले. "डाक किती वाजता काढतात?"

"दीड. आताच येईल पोरगा."

त्यांनी पत्र आत सोडलं. हात पेटीच्या तोंडात मनगटापर्यंत घालून ते पडल्याची खात्री केली. मग बाजूला, भिंतीच्या अरुंद सावलीत जाऊन उभे राहिले. दीडला नाही, पावणेदोनला खाकी कपड्यातला माणूस आला, कुलूप उघडून सगळं पोत्यात ओतलं आणि पोतं खांद्यावर टाकून आत गेला. त्या पांढऱ्या-पिवळ्या ढिगात निळं पुष्कळ होतं. त्यांचं कुठलं, ते काही दिसलं नाही.

नामदेवरावांनी टोपी सारखी केली आणि मलकपेठची बस धरायला निघाले. चारला वर्ग होता.